न मरणारं झाड

‘हे मरत नाही’ असं नर्सरीवाले ज्याच्याबद्दल छातीठोकपणे सांगतात, ते स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. उभी, ताठ, जाड पानं आणि त्यांना पिवळी किनार. पाणी पानांत आणि मातीखालच्या खोडात साठवून ठेवतं. पानांवरची छिद्रं दिवसा मिटून रात्री उघडतं, त्यामुळे ओल उडून जात नाही. सावली चालते, एसी चालतो, पाणी घालायला विसरलात तरी चालतं. २०१७ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याचं सान्सेव्हिएरिया हे नाव काढून घेतलं आणि त्याला ड्रासिनांच्या घरात दत्तक दिलं. तेही त्याने निमूटपणे सोसलं. त्याने सोसलं नाही ते फक्त मला.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. हिच्या मते मी ऑफिसात जन्मभर काहीच न करण्याचा पगार घेतला. तेव्हा ज्या झाडासाठी काहीच करावं लागत नाही, ते माझ्या हाती सुखरूप राहायला हवं होतं. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सरीतला पोरगा म्हणालाही, “काका, माती पार सुकल्याशिवाय पाणी नाही. बाकी त्याच्याकडे बघायचं पण नाही.” पैसे मोजून घेतलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, हे पुण्यातल्या माणसाला सांगणारा तो पहिलाच.

काळी प्लास्टिकची कुंडी दिवाणखान्यात शोभेना, म्हणून चिनी मातीची नक्षीदार आणली. तिला बुडाशी भोक नव्हतं. फरशी ओली होणार नाही, हा मला तिचा गुणच वाटला. मग रोज सकाळी मला चहा आणि त्याला पेलाभर पाणी, असा आमचा शेजार जमला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तांदळाचं धुवण सुचवलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ताक लिहिलं, कुणी चहाचा चोथा. मी कुणालाच नाराज केलं नाही.

अशात भाच्याने सांगितलं, की ‘नासा’च्या १९८९ सालच्या अभ्यासात हे झाड हवा शुद्ध करणाऱ्यांच्या यादीत होतं. झालं! कुंडी बेडरूममध्ये हलली. तो प्रयोग बंद पेटीत केला होता असं वाचून, शुद्ध झालेली हवा वाया जाऊ नये म्हणून मी खिडक्याही लावून घेतल्या. ऐन मे महिन्यात. ही चटई उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला गेली आणि मी शुद्ध हवेत एकटाच घामाघूम होत राहिलो. २०१९ साली दोन अमेरिकन संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा मांडले, हे मला पुढे कळलं. इमारतीत एरवी जेवढी हवा येते-जाते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतात. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत किमान एकशे दहा. मग मी झोपायचं कुठे?

पावसाळ्यात पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. एका सकाळी एक पान हातात आलं, बुडाशी लिबलिबीत, आणि वास असा की हिने आधी फ्रिज तपासला. कुंडी उपडी केली तर तळाशी ताक, चोथा आणि पाणी मिळून भलतंच काहीतरी मुरलेलं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या फटींत कायम पाणी भरून राहिलं की त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. थोडक्यात, आफ्रिकेतल्या दुष्काळांना पुरून उरलेलं झाड मी सदाशिव पेठेत बुडवून मारलं होतं.

तरी त्याचा चिवटपणा बघा. पानांचे वरचे धडधाकट तुकडे कापून वाळूत खोचले की फुटतात, म्हणे. मी खोचले, काही फुटलेही. जे फुटले नाहीत ते मी उलटे लावले होते. पानाचा बुडखा खालीच हवा. शेंडा मातीत गेला तर मुळं धरत नाहीत. जी रोपं आली ती नुसती हिरवी, पिवळी किनार गायब. मला वाटलं, यातही माझंच काही चुकलं. पण नाही. ती किनार पानातल्या वेगळ्या पेशींच्या थराची असते आणि तुकड्यातून फुटणाऱ्या नव्या कोंबात ती उतरत नाही. किनार हवी तर गड्डाच विभागून लावावा लागतो. या एवढ्या प्रकरणात जे एक माझ्या हातून घडलं नव्हतं, त्याबद्दलही ही अजून माझ्याकडेच बघते.

हिरवी रोपं आता तिच्या ताब्यात आहेत, भोकाच्या कुंड्यांत. ती त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही आणि ती माजली आहेत. झारी माळ्यावर गेली आहे, स्टूल शेजाऱ्यांकडे.

तरी सोसायटीतल्या सभासदांना नम्र विनंती : दिवाळीत गावाला जाताना झाडांना पाणी घालायला माणूस हवा असेल, तर मी सकाळ-संध्याकाळ मोकळा आहे. मोगरा, पुदिना, विशेषतः अळू चालेल. स्नेक प्लांटवाल्यांनी कृपया बेल वाजवू नये.