वरणभातावर आरोपपत्र

माननीय ॲपमहाशय यांस,



आपण माझ्या फोनमध्ये मुक्कामाला आलात त्याला आज तीन आठवडे झाले. एवढ्यात आपण तूरडाळ, तांदूळ, गूळ आणि टोमॅटो या चौघांना ‘संशयित’ ठरवलंत. पोट फुगण्याची तक्रार माझी, पण शिक्षा अख्ख्या स्वयंपाकघराला.

आपली विद्या मी नाकारत नाही. कॅमेऱ्यावर बोट टेकवलं की फ्लॅश पेटतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेसरशी परत येणारा उजेड किंचित घटतो आणि त्यावरून आपण ठोके मोजता. मोजणी चोख. वांधा निकालात आहे: जेवल्यावर ठोके वाढले, की तो पदार्थ आपल्या लेखी दोषी. त्या रविवारी वरणभातापूर्वी ठोके ७२, अर्ध्या तासाने ८८. लगेच लाल खूण! मधल्या वेळात पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरींशी माझं वाजलं होतं आणि लिफ्ट बंद म्हणून मी तीन मजले चढलो होतो. आपल्या पंचनाम्यात सेक्रेटरी नाहीत, जिना नाही; तूरडाळ तेवढी आहे. आणि यातलं काहीच घडलं नसतं, तरी जेवल्यावर आतड्यांना जास्त रक्त पुरवायला हृदय थोडं जोरात चालतंच. आमच्याकडे त्याला पचन म्हणतात.

आपल्या घराण्याचे मूळपुरुष डॉ. आर्थर कोका. १९१६ साली ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’ काढणारा आणि १९२३ मध्ये रॉबर्ट कुक यांच्यासोबत ‘ॲटोपी’ (ॲलर्जीकडे असलेला आनुवंशिक कल) हा शब्द रूढ करणारा खरोखर मोठा माणूस. १९५६च्या ‘द पल्स टेस्ट’मध्ये त्यांनीच जेवणाआधी आणि नंतर नाडी मोजायला सांगितलं. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी ती रीत काही स्वीकारली नाही. आपण मात्र तिला फ्लॅश बसवून मासिक वर्गणी लावलीत. मोठ्यांच्या चुकाही वारशाने येतात, त्या अशा.

शेवटी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन आठवडे दूध बंद केलं, मग पुन्हा सुरू केलं. पोटाने त्याच रात्री कबुलीजबाब दिला. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज माझ्याकडे कमी आहे. त्यात आतडी गुडगुडतात, गॅस होतो. नाडीला त्याचा पत्ताही नसतो. रोज झोपताना हळद घातलेलं दूध पिऊन मी शांत पडलेला असे, ठोके ६८, आणि आपण त्या दुधाला हिरवी खूण देत होतात. खऱ्या गुन्हेगाराची सन्मानपूर्वक सुटका!

माझं पोट गुडगुडण्यावर निभावलं. पण ज्याचे ओठ शेंगदाण्याने सुजतात, श्वास अडकतो, त्यालाही आपण अशीच हिरवी खूण दाखवणार का? हा प्रश्न मी थट्टेने विचारत नाही.

काल आपली पुढच्या महिन्याची वर्गणी खात्यातून परस्पर कापल्याचा मेसेज आला. योगायोगाने बोट कॅमेऱ्यावरच होतं. ठोके १०४. सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

कळावे,
आपला,
तूरडाळीचा जुना आश्रित