माजिवड्याच्या नवख्या वक्त्यासाठी भीतीचे पहिले पुस्तक

ठाण्यातल्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात प्रथमच माइक हाती घेणाऱ्याने आधी पाण्याची भाषा शिकावी. नळाच्या पाण्याची नव्हे. ते मोजता येते. घोडबंदर पट्ट्यात ते पुरेना, म्हणून २०१७ साली उच्च न्यायालयाला तिथल्या नव्या बांधकामांना काही काळ लगाम घालावा लागला होता. असला विषय काढला की लोक टाकीच्या वेळा विचारू लागतात. वक्त्याने 'लोंढे' म्हणावे. लोंढा म्हणजे खानापूर तालुक्यातले रेल्वे जंक्शन नव्हे, तर बाहेरून येणारी माणसे. लोंढ्याला चेहरा नसतो, त्याच्या हातात डबा नसतो, आणि तो सकाळच्या जलद लोकलला आपल्याच खांद्याला खांदा लावून लटकत नसतो. निदान भाषण चालू असेपर्यंत तरी.

ही विद्या ठाण्याला नवी नाही. साठच्या दशकात 'मार्मिक' साप्ताहिकात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या येत. मराठी तरुणांची नोकऱ्यांची तक्रार खरी होती, पण करामत याद्यांच्या मांडणीत होती. एक नाव वाचले तर तो शेजारी वाटतो. तीच नावे रकानाभर सलग वाचली की पूर आल्यासारखे वाटते. उपमा एकही नाही, काम मात्र उपमेचेच. याच मोहिमेतून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ठाणे नगरपालिकेत तिला पहिली सत्ता मिळाली.

पाण्यानंतर किडे. २०१८ मध्ये राजस्थानातल्या गंगापूरच्या सभेत अमित शहांनी घुसखोरांना 'दीमक' म्हटले. मराठीत वाळवी. वाळवी म्हटल्यावर पुढचे वाक्य उच्चारण्याची गरजच उरत नाही. वाळवीचे काय करायचे असते हे घरोघरी ठाऊक असते. होतकरूने हा धडा दोनदा वाचावा: उपाय वक्त्याने सांगायचा नसतो, तो श्रोत्याला स्वतःचाच वाटला पाहिजे.

इतिहास हवाच. महाराष्ट्रात अफझलखान १६५९ मध्ये प्रतापगडाखाली मेला, पण निवडणूक लागली की तो ताजातवाना होऊन परत येतो. २०१४ मध्ये उद्धव ठाकऱ्यांनी भाजपच्या प्रचाराला आलेल्यांना अफझलखानाची फौज म्हटले. २०२४ मध्ये पुण्यात त्यांनीच अमित शहांना अहमदशाह अब्दालीच्या पंक्तीत बसवले. जुन्या मित्रपक्षासाठीही शत्रू पुराभिलेखातून आयात करता येतो, ही या तंत्राची मोठी सोय.

आता व्याकरण, कारण खरी मेख तिथे आहे. २०२४ च्या विधानसभा प्रचारात योगी आदित्यनाथांनी 'बटेंगे तो कटेंगे' महाराष्ट्रात आणले. त्यात कापणारा कोण? कर्ता गायब. ज्याने त्याने आपापल्या मनातला कर्ता तिथे बसवावा. विचारणा झालीच, तर 'आम्ही एकजुटीबद्दल बोललो' असे सांगायला वाट मोकळी. धुळ्याच्या सभेत नरेंद्र मोदींनी 'एक हैं तो सेफ हैं' म्हटले, तेव्हा कापणेही गेले, नुसती सुरक्षितता उरली. अजित पवारांनी मात्र योगींची घोषणा इथे चालणार नाही असे महायुतीत राहूनच सांगितले. (दोन्ही घोषणा हिंदीतच राहिल्या, हेही बरेच झाले. 'वाटले गेलो तर कापले जाऊ' असे मराठीत म्हणून पाहावे. यमक जाते, आणि यमकाबरोबर निम्मी भीतीही जाते.)

कर्ता का लपवायचा, हे कळायला विलेपार्ल्याची १९८७ ची पोटनिवडणूक अभ्यासावी. तिथे धर्माच्या नावावर मते सरळसरळ, आडपडदा न ठेवता मागितली गेली. उच्च न्यायालयाने विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभूंची निवड रद्द केली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याला सरळ वाक्य पकडता येते. पुराला, वाळवीला आणि खानाला समन्स बजावणे अवघड.

सराव घरीच करावा. आरशासमोर 'लोंढे' हा शब्द उच्चारताना हात नाशिक महामार्गाच्या दिशेने जावा, स्वतःच्या सोसायटीच्या गेटकडे नव्हे, कारण तिथले बरेचसे सभासद गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाहेरूनच राहायला आलेले असतात. सभा सुटल्यावर कापूरबावडीपर्यंत गाड्यांची रांग लागली, तर तिला मात्र लोंढा म्हणू नये. तिच्यात आपलेच कार्यकर्ते अडकलेले असतात.