परीक्षा दलालाची, खर्च गिऱ्हाइकाचा

बेंगळुरू हे शहर एकदा अख्खं विकलं गेलेलं आहे. शहाजीराजांची ही जहागीर. १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासिम खान याने ती भोसल्यांकडून हिसकावली आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांना देऊन टाकली. सौदा पटला तीन लाख रुपयांत. स्वतःची नसलेली जागा, मूळ मालकाला न विचारता, तिसऱ्याच गिऱ्हाइकाला! खानसाहेबांकडे ना प्रशिक्षणाचा दाखला होता, ना नोंदणी क्रमांक. तरी या शहरातल्या दलालीच्या घराण्याचा मूळपुरुष कोण, हे वेगळं सांगायला नको.

आज त्याच तीन लाखांत याच शहरातल्या हेब्बाळला एका टू-बीएचकेचा अ‍ॅडव्हान्स भागतो. तीस हजार भाडं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांची अनामत, करा हिशेब. हल्ली पाच-सहा महिन्यांवर मानणारे मालकही भेटतात म्हणे. ज्यांना भेटले त्यांनी त्यांचे पाय धुऊन तीर्थ घ्यावं.

मान्यता टेक पार्कात नोकरी लागलेलं सांगली-सोलापूरकडचं पोरगं हेब्बाळला उतरतं, तेव्हा त्याला शहरातला पहिला माणूस भेटतो तो दलाल. स्कूटरच्या हँडलला किल्ल्यांचा जुडगा, कानाला एक फोन, हातात दुसरा. त्याचं कार्ड नीट वाचा. साइट म्हणजे प्लॉट, फ्लॅट, रेंटल, लीज हे तर आहेच. खाली बारीक अक्षरांत खाता ट्रान्सफर, गाडीचा विमा, पॅन कार्ड, गॅस कनेक्शन. मागच्या बाजूला तिरुपतीचा बालाजी. चार फोन नंबर आहेत, त्यातले दोन बंद. कर्नाटक रेराच्या एजंटाला जो लांबलचक नोंदणी क्रमांक मिळतो, ज्याच्या पोटात ‘एजी’ ही दोन अक्षरं असतात, तो मात्र शोधून सापडत नाही. जागाच उरली नसेल बिचाऱ्याला.

कायदा आहे. २०१६चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या नियमनाचा कायदा. त्याचं कलम ९ सांगतं की नोंदणी केल्याशिवाय कोणालाही नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देता येणार नाही. दिला तर कलम ६२ प्रमाणे दिवसाला १० हजार रुपये दंड, चढत चढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. वाचायला झकास आहे. कर्नाटकाने २०१७च्या नियमांत या नोंदणीची फीसुद्धा घसघशीत ठेवली. एकट्यादुकट्याला २५ हजार, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ लाख, मुदत पाच वर्षं. सोबत पॅन लावा, पत्त्याचा पुरावा लावा, फोटो लावा, तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रं लावा. तुला या धंद्यातलं काही येतं का, हा एक प्रश्न तेवढा त्या यादीत बसला नाही. बेंगळुरूत रिक्षा चालवायची तर परवाना लागतो, बॅज लागतो, अंगात खाकी लागते, आणि तो माणूस तुम्हाला फार तर दोनशे रुपयांना फसवणार असतो.

महाराष्ट्रात उलट. तिथे एकट्या एजंटाची फी १० हजार, पण वर अभ्यास. महारेराने जानेवारी २०२३ मध्ये फर्मान काढलं की यापुढे वीस तासांचं प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, दाखला मिळवा, मगच दलाली. परीक्षा घेणार बँकांची भरती परीक्षा घेणारी आयबीपीएस. पास व्हायला ४० टक्के पुरेत. २० मे २०२३ला पहिली परीक्षा झाली, ४२३ जण बसले, ४०५ पास. निकाल ९६ टक्के! एवढा निकाल लागला की आपल्याकडे शाळेबाहेर फ्लेक्स लागतो.

ज्यांना हे काही झेपलं नाही किंवा ज्यांनी मनावरच घेतलं नाही, अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने मे २०२४ मध्ये वर्षभरासाठी स्थगित केली. याबद्दल महारेराला दाद दिली पाहिजे, आमच्या सदरातून अशी दाद क्वचित जाते. पण हे २० हजार लोक दुसऱ्या दिवसापासून भाजीची गाडी लावायला गेले असतील, असं ज्याला वाटतं त्याने पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनशी पाच मिनिटं बोलावं.

वीस तास म्हणजे थोडं की फार? अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये घरं विकणाऱ्या साध्या एजंटालासुद्धा आधी १८० तासांचे वर्ग करावे लागतात, मग परीक्षा, आणि पास होऊनही स्वतःचं दुकान थाटता येत नाही. परवानाधारक ब्रोकरच्या हाताखाली चार वर्षं घासल्यावर स्वतः ब्रोकर व्हायची पात्रता येते. इथे चार वर्षांत आमचा माणूस दलालाचा बिल्डर होतो आणि नगरसेवकपदासाठी तिकीट मागायला लागतो.

तरी परीक्षा हवी, या मताचे आम्ही आहोत. फक्त ती हेब्बाळला ठेवायची तर पेपर इथला काढावा. रेराचं कलम कितवं, हे पाठ करून कोणीही लिहील. इथल्या उमेदवाराला विचारा की ए-खाता आणि बी-खाता यांत फरक काय, आणि खाता हा मालकीचा पुरावा आहे की नुसती घरपट्टीच्या वहीतली नोंद. ऑक्टोबर २०२४पासून बेंगळुरूत खरेदीखताच्या नोंदणीला ई-खाता सक्तीचा झाला, तेव्हापासून या प्रश्नावर अर्ध्या शहराची झोप उडालेली आहे. हेब्बाळ तलावाकडे तोंड करून ‘लेक व्ह्यू’चे जादा पैसे लावणाऱ्याला विचारा की तलावापासून किती मीटर सोडून बांधायचं. हरित लवादाने २०१६ मध्ये ७५ मीटर सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो हुकूम रद्द केला. मग ही इमारत कुठल्या हिशेबाने उभी आहे? जक्कूरला विमानतळी धावपट्टी आहे, येलहंक्याला हवाई दलाचा तळ. मग विसाव्या मजल्याला उंचीची परवानगी कोणाची, तिचा कागद दाखव. अर्कावती लेआउट कुठे विचारलं तर सगळे हात करून दाखवतील, पण २००४ मध्ये २,७५० एकरांची अंतिम अधिसूचना निघालेल्या त्या लेआउटमधली कुठली जमीन पुढे वगळली गेली आणि तुझी साइट त्यात आहे का, हे सांगणाऱ्याला आम्ही मुलाखतीशिवाय पास करू.

आणि शेवटचा प्रश्न सक्तीचा ठेवावा. हेब्बाळ ते सिल्क बोर्ड हा बोगदा खणायच्या आधीच त्याच्या नावाने चौरस फुटाला किती रुपये वाढवावेत? मेट्रोही यायची तेव्हा येईल, तिचा भाव कधीच येऊन बसलाय.

आता खरी गंमत. वर सांगितलेला सगळा कारभार, फी, दाखला, दिवसाला १० हजारांचा दंड, हा लागू होतो फक्त रेराखालच्या प्रकल्पात घर विकणाऱ्याला. कायद्यातली एजंटाची व्याख्याच विक्रीपुरती आहे. भाड्याने घर लावून देणारा, म्हणजे आपल्या पोराला हेब्बाळला उतरल्या उतरल्या भेटणारा तो किल्लीवाला, त्यात येतच नाही. त्याने एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घ्यावं, पावती देऊ नये, अकरा महिन्यांनी करार नवा करताना पुन्हा हात पुढे करावा. रेराच्या दारात त्याला विचारणारं कोणी नाही. नव्या शहरात आलेल्या माणसाची गाठ पहिली काही वर्षं फक्त याच्याशी पडते. विकत घ्यायची वेळ येईपर्यंत तो माणूस बराच शहाणा, आणि तेवढाच हलका झालेला असतो.

त्यातून बेंगळुरूचा ‘लीज’ नावाचा प्रकार आपल्याकडच्या लोकांना ठाऊक नसतो. मालकाला एकरकमी दहा-पंधरा लाख द्यायचे, दोन-तीन वर्षं फुकट राहायचं, निघताना सगळी रक्कम परत. ऐकून कोकणस्थाच्याही तोंडाला पाणी सुटेल. आता मधला दलाल काय करतो बघा. मालकाला सांगतो, घर भाड्याने लावून देतो, दरमहा २५ हजार खात्यात येतील. भाडेकरूला सांगतो, घर लीजवर आहे, मालक परदेशात असतात, करार माझ्याशी करा, १५ लाख माझ्याकडे द्या. काही महिने मालकाला भाडं जातं, तुमच्याच १५ लाखांतून. मग एक दिवस भाडं थांबतं, दलालाचा फोन बंद होतो आणि दार ठोठावतो तो परदेशातला मालक, बहुधा शेजारच्या सहकारनगरातून चालत आलेला. अशा तक्रारी या शहरातल्या पोलिसांना नव्या नाहीत. यावर कोणत्याही राज्याने वीस तासांचा वर्ग काढलेला आमच्या पाहण्यात नाही. वर्ग काढायचाच तर दलालापेक्षा भाडेकरूला जास्त गरज आहे.

रेराने दलालीचा परवाना आणला तो जिथे गिऱ्हाईक कर्ज काढून, वकील घेऊन, बापाला सोबत आणून व्यवहार करतो तिथे. जिथे ते एकटं, नवखं आणि घाईत असतं, तिथे रेराच्या हिशेबी मोकळं रान. दलालाची फी वाढली की ती दलाल कुठून भरून काढतो, हेही समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

तेव्हा पोरांनो, हेब्बाळला घर बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. विकत घेत असाल तर दलालाचा ‘एजी’वाला क्रमांक मागा आणि तो कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा, त्याने पाठवलेला फोटो बघू नका. भाड्याने किंवा लीजवर घेत असाल तर मालकाच्या नावाचा खाता आणि मालक, दोघांनाही समोर बघितल्याशिवाय करारावर सही करू नका, आणि पैसे थेट मालकाच्याच बँक खात्यात टाका. दलालीसुद्धा रोख देऊ नका. ‘सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’, म्हणजे जरा सांभाळून घ्या, असं तो म्हणेल. करू नका.