तिसरीत नापास

लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसतं लोळून काढले. साडेतीन हजार मीटर उंचीवर आल्या आल्या धावपळ करायची नसते. या सहलीत मी मनापासून पाळलेला हा एकमेव नियम.

तिसऱ्या दिवशी चिलिंग गाठलं. हे तांबटांचं गाव. इथून झांस्कर नदीतून राफ्टने नीमूला जायचं, जिथे ती सिंधूला मिळते. दोन्ही बाजूंना उभे कडे, झाड औषधालाही नाही. निघायचं सकाळीच, कारण पाणी हिमनद्यांचं. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि दुपारनंतर नदी फुगते.

"मला पोहता येतं. पंचवीस वर्षं तलावावर जातो," मी गाईडला सहज सांगून ठेवलं. "अच्छा है, सर," म्हणत त्याने माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा आणखी दोन इंच आवळला.

त्याआधी वेटसूट झाला होता. लहान अभ्र्यात मोठी उशी कोंबताना जशी आपटतात, तसं दोन पोरांनी मला आपटून त्यात बसवलं. हिने स्वतःचा पाच मिनिटांत चढवला आणि वर म्हणाली, "अहो, उलटा घातलाय. चेन पाठीवर येते." पुन्हा पहिल्यापासून आपटणं आलं.

मग शिकवणी. वल्ह्याच्या टोकाला टी-आकाराची मूठ असते, तिच्यावरचा हात सोडायचा नाही. मी म्हटलं, वल्हं हरवेल म्हणून असेल.

"दाँत जाते हैं, सर."

"आपले?"

"बगलवाले के."

बगलेत ही बसली होती आणि तिच्या रूट कॅनॉलचं बिल मीच भरलं होतं. मूठ गच्च धरली.

पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पाण्याच्या वर. गुडघाभर पाणी दिसलं तरी उभं राहायचं नाही. पाऊल दगडांत अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला आडवं पाडून दाबून धरतं. बचावाची पिशवी फेकली तर दोर धरायचा, पिशवी नाही. पिशवीत उरलेला दोर सुटत राहतो आणि त्याबरोबर आपणही. दोर मनगटाला गुंडाळायचा तर मुळीच नाही. मी मान डोलावत होतो. ही मात्र प्रश्न विचारत होती.

खळाळांची प्रतवारी एक ते सहा. आमचा जेमतेम तिसरीतला. गाईड ओरडला, "फॉरवर्ड!" वल्हं पाण्यात रुतलेलं असतं तोवर त्याचाच आधार असतो. मी ते उचलून विचार करू लागलो आणि तेवढ्यात बाहेर फेकला गेलो.

त्या गारठ्यात ओरडायला तोंड उघडलं तर आवाज निघण्याऐवजी श्वासच आत ओढला गेला. पंचवीस वर्षांचा तलाव एका घोटात विसरलो. लाटांच्या गदारोळातून ओळखीचा आवाज आला, "अहो, पाय वर!" पाय आपोआप वर आले. या आज्ञेची सवय घरी केर काढतानाची. मग हिने वाकून जॅकेटचे खांद्यांवरचे पट्टे धरले, मागे झोक दिला आणि मी बटाट्याच्या पोत्यासारखा राफ्टमध्ये पडलो.

"बहुत बढ़िया, मॅडम," गाईड म्हणाला. माझा उल्लेख नव्हता.

नीमूला गढूळ झांस्कर आणि निळसर हिरवी सिंधू थोडा वेळ शेजारी शेजारी वाहतात. उन्हाळ्यात पाणी झांस्करचं जास्त, पण पुढे नाव सिंधूचंच. ही बराच वेळ तिथे बघत उभी होती.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. अभिनंदनाचे चौदा निरोप आले, सगळे मला. फोटोत वल्हं मारताना दिसते ती ही आहे. मी त्या वेळी पाण्यात होतो.