उपरोक्त विषयास अनुसरून

पहूरच्या स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, रिचार्ज, आणि लग्नसराईत पत्रिका. सकाळी साडेदहाला कसब्याकडून एक सायकल येते. हँडलला नायलॉनची पिशवी, पिशवीत पुठ्ठ्याची फाईल, फाईलला लाल नाडी. सायकल भिंतीला टेकवायची, पायजम्याची क्लिप काढून खिशात ठेवायची आणि पायरीवर चप्पल काढून आत यायचं, हा आप्पांचा क्रम. चप्पल राहू द्या, असं मी चार वर्षं सांगतोय. "आत कॉम्प्युटर आहे ना," म्हणतात.

गाव त्यांना 'अनुसरून आप्पा' म्हणतं. एकतीस वर्षं तालुक्याच्या एका कचेरीत कारकुनी केली, आणि कारकुनी संपली तरी अर्ज अंगातून गेला नाही. थोरल्या जावयाला दिवाळीचं बोलावणं धाडलं, त्यातही 'विषय : दिवाळसणास सहकुटुंब उपस्थित राहणेबाबत' अशी ओळ होती आणि खाली 'प्रत माहितीस्तव : सौ. विहीणबाई'. जावई आला तो पत्र सोबत घेऊनच आला. न जाणो, दारात मागतील.

मुलगा पुण्याला. चांगला फोन त्यानेच घेऊन दिला, आणि तेव्हापासून तो सुट्टीला घरी यायला घाबरतो.

पहिलं प्रकरण अठ्ठावीस दिवसांचं. फोनचा महिना अठ्ठाविसाव्या दिवशी संपतो हे आप्पांना कळलं त्या दिवशी ते भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यासकट घेऊन आले. "फेब्रुवारी सोडून मला यात अठ्ठावीसचा महिना दाखव." मी कुठून दाखवणार? मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. अठ्ठावीस गुणिले तेरा म्हणजे ३६४. म्हणजे वर्षाला तेरा महिने, आणि वर एक दिवस शिल्लक. "पेन्शन बारा वेळा आणि रिचार्ज तेरा वेळा. आणि तो उरलेला दिवस कोणाच्या खाती जमा होतो?" या प्रश्नाचं उत्तर कंपनीकडून आजवर आलेलं नाही. मलाही ते जाणून घ्यायचं आहे.

आप्पा गप्प बसणारे नव्हेत. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ सालापासून आहे, हे त्यांनी शोधून काढलं. त्याच ट्रायने २७ जानेवारी २०२२ ला हुकूम काढला होता की प्रत्येक कंपनीने निदान एक तरी तीस दिवसांचा प्लॅन ठेवावा, आणि एक असा, की दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल. हुकमाची प्रत त्यांनी माझ्याकडेच काढली, आठ रुपये देऊन. मग माझ्याच काउंटरवर ठेवून मला म्हणाले, "दाखव तो प्लॅन." मी दाखवला. यादीत पार खाली होता, आणि त्यात नेट इतकं, की आप्पांना ते संपवायला दुसरा जन्म घ्यावा लागला असता. "हुकूम पाळला," आप्पा म्हणाले. "पूर्ण पाळला. आमच्या कचेरीतही असाच पाळायचे." आवाजात राग कमी आणि कौतुक जास्त होतं.

काकूंचा फोन बटणाचा, नेट त्यांना नकोच. २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने सांगितलं की नुसतं बोलणं आणि मेसेज एवढ्याचेच वेगळे प्लॅन द्या, ३६५ दिवसांपर्यंतचे द्या. आप्पांनी त्या दिवशी स्टँडवरच्या सगळ्यांना चहा पाजला. मग दर बघून आले आणि स्वतःचा अर्धा कप कडू करून प्यायले. तक्रार ट्रायला पाठवू, मी म्हणालो. तर ट्राय एकेकाची तक्रार हातात घेत नाही. आधी कंपनीकडे करायची, समाधान झालं नाही तर अपील करायचं, आणि अपील ऐकणारा अधिकारीही कंपनीतच बसतो.

"म्हणजे नवऱ्याचं गाऱ्हाणं सासूकडे," शेजारचा भजेवाला म्हणाला.

"नाव काय त्याचं? ट्राय ना? मग करून पाहतील भो," आणखी कोणीतरी. आप्पा हसले नाहीत. कार्यालयाच्या नावावर विनोद त्यांना चालत नाही.

कस्टमर केअरला फोन लावताना आप्पांना जवळून बघावं. आधी शर्टाचं वरचं बटण लावतात. मग उभे राहतात. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मुख्य मेनूसाठी शून्य दाबा, असं चाललेलं असतं आणि आप्पा प्रत्येक वाक्यानंतर "हो" म्हणतात. एकदा बावीस मिनिटं असे उभे होते. मधूनच ती बाई सांगे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. गावातून पूर्वी पाचोरा-जामनेर ही छोट्या रुळांची गाडी जायची. पीजे म्हणायचे तिला. २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. पीजेही उशिरा यायची, पण आपण तिच्यासाठी किती महत्त्वाचे आहोत हे दर मिनिटाला सांगत नसे.

तेविसाव्या मिनिटाला एक मुलगी बोलली. हिंदीत बोलली, पण अदबीने बोलली, आणि आप्पांचं नाव तिने बरोबर उच्चारलं. काम झालं नाही. शेवटी मशीन म्हणालं, संभाषणाला एक ते पाच गुण द्या. आप्पांनी फोन कानावरून काढला आणि नीट विचार केला. कचेरीत असताना त्यांनी शिपायांच्या गोपनीय अहवालांची नक्कल करून दिली होती, त्यामुळे शेऱ्याचं वजन त्यांना माहीत. पाच म्हणजे अत्युत्कृष्ट. ते कोणालाच द्यायचं नसतं. चार म्हणजे उत्तम, पण काम तर झालेलं नाही. त्यांनी तीन दाबला. चांगला.

माझा मावसभाऊ पुण्यात अशाच कॉल सेंटरला होता. मी सहज बोलून गेलो की तिथे पाचाच्या खाली काहीही पडलं तर ते पोराच्या नावावर वाईटच धरतात, त्याचा महिन्याचा बोनस त्यातच जायचा. आप्पांचा चेहरा पडला. "मी तिला चांगला शेरा दिला रे." दिला खरा. पुढचे तीन दिवस ते रोज येऊन तोच नंबर लावत होते, शेरा दुरुस्त करून घ्यायला. दर वेळी वेगळा आवाज. प्रत्येकाला ते सांगत, मंगळवारी साडेअकराला ज्या ताई बोलल्या त्यांना माझ्यातर्फे पाच. आणि शेवटी मशीन विचारे तेव्हा मुकाट पाच दाबत. कंपनीला आमच्या गावातून इतके पाच कधी मिळाले नसतील.

कायद्याच्या बाबतीत आप्पा वकिलाला भारी आहेत. फसव्या बटणांविरुद्ध केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लबाडीचे तेरा प्रकार मोजून दिले आहेत आणि आप्पांना तेराही पाठ. गुपचूप टोपलीत माल टाकणे, एकदा घेतलेली वर्गणी बंद करू न देणे, गिऱ्हाइकाला लाजवून 'हो' म्हणायला लावणे वगैरे. तरीही एका ॲपने त्यांना गाठलंच. 'विमा घ्या' असं मोठं हिरवं बटण आणि खाली बारीक अक्षरात 'नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही.' दुसरा पर्याय नव्हता, आणि गाडीचं तिकीट काढायचं होतं. आप्पांनी ते बारीक अक्षर दाबलं. घरी गेले, जेवले नाहीत. काकू मला विचारायला आल्या, दुकानात काही झालं का म्हणून. दुसऱ्या दिवशी जावक क्रमांक टाकून लेखी खुलासा लिहिला : 'दि. रोजी मी दिलेले विधान हे दबावाखाली दिलेले असून मला कुटुंबाची काळजी आहे.' कोणाला पाठवायचा ते कळेना. तो फाईलला आहे.

बॅटरीचं ॲप त्यांनी तसंच परत पाठवलं. अंधारात उजेड पाडायचा तर त्याला फोनमधले सगळे नंबर हवे होते. "बॅटरीला माझ्या साडूचा नंबर कशाला पाहिजे?" संमती नाकारली, ॲप उघडलं नाही. माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातलीही बरीच कलमं अठरा महिन्यांनी लागू होणार. आप्पांना यात काही वावगं वाटत नाही. मंजुरी आणि अंमल यांत अंतर असतंच, म्हणतात. तेवढ्यात साडूच्या नंबराचं काय, हे मात्र विचारतात.

फेसबुकवर टाका ना सरळ, असं पोरं सुचवतात. आप्पा मान हलवतात. २०१२ साली मुंबई बंदबद्दलच्या पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, हे ते विसरलेले नाहीत. ती अटक ज्याखाली झाली ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या मार्चमध्ये रद्दबातल केलं, हेही त्यांना ठाऊक. "पण अटक तर होऊन गेली ना? अर्ज करणाराला कोणी अटक करत नाही. जास्तीत जास्त अर्ज हरवतो."

लोकप्रतिनिधींकडेही गेले होते. आमच्या खान्देशात पुढारी सापडायची हमखास जागा म्हणजे लग्नाचा मांडव. आप्पांनी अक्षता पडल्याबरोबर अर्ज पुढे केला. साहेबांनी तो न वाचता स्वीय सहायकाकडे दिला. सहायकाने त्याचा फोटो काढला, कागद आप्पांना परत दिला आणि फोटो साहेबांच्या फोनवर पाठवला. साहेब हातभरावर उभे होते. त्यांच्या खिशात टिंग वाजलेलं आप्पांनी स्वतः ऐकलं. "अर्ज पोचला," एवढंच ते मला म्हणाले. वाचला का, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

मग आला तो चॅटबॉट. कंपनीने फोनवर माणूस देणं जवळजवळ बंदच केलं आणि म्हणाली, आमच्या या ताईशी मराठीत गप्पा मारा. ताईला नाव होतं, गोल चेहरा होता. आप्पांनी एका बोटाने पाऊण तास टाइप केलं. 'प्रति, मा. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथवर आले आणि चुकून पाठवायचं बटण दाबलं गेलं. ताई लगेच म्हणाली, "क्षमा करा, मला समजलं नाही. खालीलपैकी पर्याय निवडा." पर्यायांत रिचार्ज, नवीन ऑफर आणि कॉलरट्यून. आप्पांनी पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला ताईने त्यांना तक्रार क्रमांक दिला. आप्पा उभे राहून वाचायला लागले, खरा चौदा आकडी क्रमांक. आवक रजिस्टरात लाल शाईने उतरवला. आणि तेवढ्यात दुसरा मेसेज आला : 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. धन्यवाद.'

क्रमांकापासून निराकरणापर्यंत चार मिनिटं लागली होती.

आप्पांचा आवाज चढला. ते रागावले की कचेरीची मराठी गळून पडते आणि घरची बोली बाहेर येते. "अरे, वाचलं बी नाही त्यानं! मले विचारलं बी नाही! निकाली काढून मोकळे!"

बाकावर एक म्हातारे बाबा बसले होते, शिवारात कपाशी करणारे, पीक विम्याच्या कागदाची झेरॉक्स काढायला आलेले. ते हळूच म्हणाले, "आप्पा, माह्या विहिरीचा अर्ज आठवतो का?"

आप्पांनी वळून पाहिलं.

"चार बारी परत धाडला तुम्ही. 'त्रुटी पूर्ततेसाठी परत'. मी इचारलं, त्रुटी कोन्ती? तं तुम्ही म्हने, अर्जात पाहा. अर्जात काय, तुमचा शिक्का होता." बाबा रागाने बोलत नव्हते. जुनी गोष्ट सांगावी तसं सांगत होते. "पाचव्या बारीला मीच आलो नाही. मंग तुम्हीबी लिहिलं असन, निकाली."

भजेवाल्याची कढई तेवढी चुरचुरत होती. आप्पांनी फाईल मिटली, नाडीची गाठ दोनदा मारली, चपला घातल्या आणि सायकल हातात धरून, न बसता, चालत गेले.

दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी साडेदहाला आले, सोबत ते बाबा. विहिरीचं तर काही होण्यासारखं नव्हतं. बाबांचं शेत आता मुलांत वाटून गेलंय. पण विम्याची रक्कम खात्यावर दिसत नव्हती आणि ॲप 'प्रक्रियेत' एवढंच सांगत होतं. आप्पांनी बाबांना खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि त्यांचा अर्ज लिहून काढला. त्रुटी कोणती असू शकते ते समासात क्रमाने लिहिलं, आणि प्रत्येकीसमोर पूर्तताही. तेव्हापासून साडेदहा ते साडेबारा माझ्या दुकानात त्यांचं टेबल आहे. पैसे घेत नाहीत. जावक क्रमांक मात्र टाकतात, आणि चप्पल अजूनही बाहेरच.

काल त्यांचा अठ्ठाविसावा दिवस होता. रिचार्ज केला. त्यांनी पावती मागितली. पावती येत नाही आप्पा, मेसेज येतो, मी म्हणालो. मेसेज आला, आणि त्यातला अर्धा दुसऱ्याच कसल्या ऑफरचा होता. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "मग तू लिहून दे."

मी लिहिली. तारीख, रक्कम, मुदत अठ्ठावीस दिवस. खाली सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला.