शेजाऱ्यांसकट शब्द

नानांना एखाद्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारायची सोय नाही. त्यांच्याकडून शब्द सुटा मिळत नाही. वरचे दोन, खालचे दोन गळ्यात पडतात. परवा तळमजल्यावरच्या पोराने 'अ‍ॅबी' म्हणजे काय विचारलं. नाना डोळे मिटून सुरू झाले, "अ‍ॅबटवार, कत्तलखाना. अ‍ॅबेस, मठातली मुख्य जोगीण. अ‍ॅबी, मठ. अ‍ॅबट, महंत. अ‍ॅब्रीव्हिएट, थोडक्यात आटपणे." शेवटचा शब्द त्यांना लागू नाही.

कत्तलखान्याला लागून मठ कुणी बांधला, हा प्रश्न पोराला पडला. नानांना असले प्रश्न पडत नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोश पहिल्या पानापासून वाचायला घेतला. खाकी कव्हर, खुणेला जुनं विजेचं बिल, पाठ झालेल्या शब्दापुढे शिसपेन्सिलीचं टिंब. सध्या सी चालू आहे. टिंब पडलेलं नाही तो शब्द त्यांच्या हिशेबी इंग्रजीत अजून आलेलाच नाही. छत्रीला अम्ब्रेला म्हणतात हे त्यांना ठाऊक आहे, पण मान्य नाही. यू यायचाय.

सून या गतीवरून टोमणे मारते. त्यावर नानांचं उत्तर तयार असतं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशाचं काम जेम्स मरेंनी 1879 मध्ये हाती घेतलं, दहाएक वर्षांत उरकेल अशा हिशेबाने. 1884 मध्ये पहिला भाग छापून आला तो ए पासून अँटपर्यंत. "पाच वर्षांत मुंगी! मी तर उंट ओलांडून पुढे आलोय." कोश पुरा व्हायला 1928 उजाडलं आणि मरे त्याआधीच, 1915 मध्ये गेले, हे मात्र सुनेला आपलं आपण शोधावं लागलं.

वरच्या मजल्यावरच्या आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा नाना मोसंबी घेऊन धीर द्यायला गेले. सी मधलाच शब्द, तोही ताजा पाठ झालेला! राहवेना. "कॅटापल्ट, गलोल. कॅटरॅक्ट, मोतीबिंदू, धबधबा असाही अर्थ आहे, नाईल नदीवरचे सहा प्रसिद्ध आहेत. कटार, पडसं. कटॅस्ट्रफी..." आणि जीभ अडखळली.

"थांबलास का? पुढचं सांग की," आजी म्हणाल्या.

"पुढे कॅच. झेल," नाना मोसंबी सोलत पुटपुटले.

त्यांची पाठ वळताच नातीने मोबाइलवर गाळलेला अर्थ काढला आणि मोठ्याने वाचला: घोर संकट.

ऑपरेशन छान झालं. नाना पेढे मागायला गेले. आजींनी पेढा दिला, काळा चष्मा सारखा केला आणि बजावलं, "दुसरा डोळा दिवाळीनंतर करायचाय. तेव्हा तुझा डी चालू असेल, तर भेटायला येऊ नकोस."