मांगर रिकामो नाय

सिंधुदुर्गात ज्याला परडं आहे त्याला मांगर आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घराच्या मागे हाकेच्या अंतरावर चिऱ्याच्या कमरेएवढ्या भिंती, वर वासे आणि कौलं. आत गुरं, गवत, लाकडं, औतं, शिवाय घरात ठेवायची लाज वाटते आणि फेकायला जीव होत नाही अशा यच्चयावत वस्तू. मांगराला दार असतं, कुलूप नसतं. चोरानं नेण्याजोगं आत काही नसतं, आणि नेलंच तर ठेवणार कुठे? त्याच्याकडेही मांगर असतो आणि तो आधीच भरलेला असतो.

अशा आमच्या मांगराकडे बघून ठाण्याहून आलेला पुतण्या मे महिन्याच्या भर दुपारी म्हणाला, "काका, ही जागा वर्षातले दहा महिने नुसती पडून असते. आपण होमस्टे काढू." नुसतं म्हणून थांबला नाही. त्यानं मोबाईलनं मांगराची लांबी-रुंदी मोजली, सरकारच्या निवास व न्याहारी योजनेची माहिती वाचून काढली आणि लॅपटॉपवर बारा रकाने आखले. मांगर रिकामा असेल तो महिना हिरवा, भरलेला असेल तो लाल. त्याच्या अंदाजानं दोन रकाने लाल होणार होते. "कोंबडीला अंडी घालायला दोन महिने पुरे ना?" असं त्यानं मला खरोखर विचारलं.

मांगराचा कारभार काकीकडे. जमिनीच्या सातबाऱ्यावर आमची इतकी नावं आहेत की तलाठीही वाचताना मध्ये पाणी पितो. पण मांगरात कुठली वस्तू कुठे आणि कधीपर्यंत राहील, हे काकी सोडून कुणाला विचारायची सोय नाही. ती पडवीत रातांबे फोडत बसली होती. पुतण्या लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसला.

"आजी, मे महिना?"

काकीनं लाल झालेल्या हातानं मांगराकडे नुसतं बोट दाखवलं. आत एका कोपऱ्यात गवतावर हापूसची अढी लावलेली होती. तिच्याशेजारी काजूबियांची पोती, त्यांना टेकून फणस. मीठ घातलेल्या रसात बुडवून वाळत घातलेली सोलं दिवसा अंगणात असत, पण आभाळ भरून आलं की पहिली धाव मांगराकडेच. सोलं पुन्हापुन्हा रसात बुडवून वाळवावी लागतात आणि हे सगळं मृगाच्या आत उरकायचं असतं, त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरातली माणसं देवापेक्षा ढगाकडे जास्त बघतात. वर आढ्याला पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बांगडे आणि गोलमो टांगलेला. गोलमो म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. ती घरात ठेवली तर पाहुणे येत नाहीत आणि मांगरात ठेवली तर मांजरं जात नाहीत. पिकता हापूस आणि सुकता गोलमो यांचा मिळून जो वास येतो, त्याला पुतण्यानं माहितीपत्रकाच्या मसुद्यात 'अस्सल ग्रामीण सुगंध' म्हटलं होतं. सुगंधापर्यंत ठीक होतं. पुढे 'वातानुकूलित' लिहायचं त्याच्या मनात होतं.

"बरं, मे लाल. जून?"

"जूनात गुरां खंय बांधूची? तुझ्या होमस्टेत?"

जून तसा गुरांच्याही आधी छपराचा. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या मुलखात माणसाची पत गळक्या जागांवरून ठरते. आमच्या मांगराचं अर्धं छप्पर जुन्या नळ्यांचं आणि अर्धं मंगलोरी कौलांचं आहे. बाझेल मिशननं 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं किनाऱ्यानं वर सरकत सरकत आमच्यापर्यंत आली. त्या मंडळींनी पावसाचा हिशेब चोख केला होता, माकडांचा केला नव्हता. आमच्याकडची माकडं फणसावरून थेट मांगरावर उतरतात, चार कौलं फोडतात आणि पाचवं का फुटलं नाही हे बघायला परत येतात. म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडावर शाकारणी. शाकारणी करणारा गडी वर चढला की खाली उभ्या माणसानं हातात कौल द्यायचं आणि वरून येणारे शेरे निमूटपणे ऐकायचे. मला हे काम आवडतं. वर्षभर कुणी आपलं काय चुकतं ते इतकं मोकळेपणानं सांगत नाही.

मग गुरं आत, शेणी आत, लाकडं आत, नांगर नि पॉवर टिलर दोन्ही आत. नांगर आता कुणी जुंपत नाही, पण टिलर बंद पडला की सगळे त्याच्याकडे अपेक्षेनं बघतात.

आषाढ-श्रावणाबद्दल पुतण्याला फार आशा होती. "पावसाळी पर्यटन," तो म्हणाला, "धबधबा, वाफाळता चहा, कौलांवरचा पाऊस." त्याला ठाऊक नव्हतं की त्या दिवसांत आमच्या मांगरात गणपतीची शाळा भरते.

आमच्याकडे मूर्ती घडवायच्या जागेला शाळाच म्हणतात. गावातल्या मूर्तिकाराचं घर लहान आणि गळकं, मूर्तीला तर कोरडी जागा हवी, म्हणून मांगराचा अर्धा भाग त्याचा. घराघरातून त्याच्याकडे पाट येतात. ज्याचा पाट त्याची मूर्ती त्यावरच घडते. या मूर्ती मांडायला टेबल म्हणून आजोबांच्या जुन्या घराचं दार दोन पिंपांवर आडवं टाकतात. हे दार माझ्या वडिलांनी एकदा फोडून चुलीत घालायचं ठरवलं होतं. तेव्हा काकी म्हणाली, "ठेव थंयच. लागतलां." त्या दारानं आतापर्यंत किती गणपती पाठीवर घेतले असतील!

तर अर्ध्या मांगरात शाडूच्या मूर्ती ओळीनं बसलेल्या आणि मध्ये एक बांबूची काठी आडवी लावून पलीकडे गुरं. देव आणि गुरं यांचं एरवी चांगलं जमतं. एका साली मात्र आमच्या पाड्यानं काठीवरून मान काढून एका उंदराचा रंग चाटून साफ केला. मूर्तिकारानं उंदीर पुन्हा रंगवला, पाड्याला चार शिव्या दिल्या आणि ज्यांची मूर्ती होती त्यांना काही सांगितलं नाही. गावची खरी शाळा सुटली की पोरं दप्तरासकट तिथेच जमतात. कुणाचा गणपती कुठवर आला, कुणाचे डोळे झाले, कुणाच्या गणपतीचं पोट मोठं, यावरून मारामाऱ्या होतात. असल्या गर्दीत पर्यटकाला झोपवायचं कुठे? पुतण्यानं दोन रकाने मुकाट्यानं लाल केले.

मग तो अमेरिकेवर गेला. हरत आलेला तरुण माणूस आधी अमेरिकेवर जातो. "तिकडे लोक गॅरेजमध्ये कंपन्या काढतात, काका. ॲपल गॅरेजमध्ये निघाली." मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्या ॲपलच्याच वॉझ्नियॅकनं गॅरेजच्या गोष्टीत बरीच दंतकथा आहे असं सांगून टाकलंय. त्यापेक्षा ह्युलेट आणि पॅकार्डचं नाव घे. त्यांनी 1939 साली पालो आल्टोच्या ॲडिसन ॲव्हेन्यूवरच्या गॅरेजमध्ये 538 डॉलरांवर धंदा मांडला. पॅकार्ड नवराबायको घरात राहायचे आणि ह्युलेट मागच्या परड्यातल्या शेडमध्ये झोपायचा. ते गॅरेज आज सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून जपून ठेवलंय.

काकी रातांबे फोडायची थांबली. "मगे गाडी खंय ठेवत होते?"

या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात मिळालेलं नाही, आणि माझ्या मते गॅरेजबद्दलचा महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. ज्या वस्तूसाठी जागा बांधली ती वस्तू उन्हात उभी, आणि आत भलतंच काहीतरी. मग लोक जागेचा बारमाही उपयोग शोधत बसतात. आमच्या ठाण्याच्या घरी पोटमाळा आहे. तिथे गेलेली वस्तू खाली उतरल्याचं ऐकिवात नाही. मांगरातली वस्तू मात्र बाहेर येते, कारण तिचं नक्षत्र येतं. वाशाला दोरीनं टांगलेली तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, गणपती गेल्यावरही टिकतात आणि कुणाची तरी माहेरवाशीण आली की धोंडस या गोड पदार्थासाठी खाली उतरतात. शिडी शाकारणीला येते. आजोबांच्या बाजेचा एक पाय पोरांनी क्रिकेटचा स्टंप म्हणून नेला, तेवढा अजून यायचा आहे.

पुढचे रकाने भराभर लाल होत गेले. भात झोडून झालं की गवत आत येतं आणि मांगर वाशापर्यंत गच्च होतो. त्याच्यामागून जत्रा येते. तेव्हा दशावतारी मंडळींचे पेटारे मांगरात उतरतात आणि आमच्या गुरांच्या दावणीशेजारी बसून भीमसेन मिशा लावतो. मग आंब्याच्या फवारणीचे पंप, काजूच्या आकड्या, शिमगा, रिकाम्या पेट्यांची उतरंड, आणि पुन्हा अढी.

बाराही रकाने लाल झाल्यावर पुतण्यानं शेवटचा डाव टाकला. पर्यटक राहू देत, तो स्वतःच मांगरात बसून ऑफिसचं काम करणार. याला काकीची हरकत नव्हती. अडचण रेंजची होती. ती उरल्यासुरल्या गवताच्या ढिगावर चढून बसलं तरच मिळायची. तिथून त्यानं दोन दिवस मीटिंगा केल्या. तिसऱ्या दिवशी त्याच्या मांडीमागे खुडूक कोंबडी येऊन बसली आणि साहेबांनी सगळ्यांसमक्ष विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण जॉइन झालंय?" काकीनं खालून बजावलं की कोंबडीला उठवायचं नाही, अंडी उबवायची आहेत. पुतण्या पडवीत आला. कोंबडीची जागा तिच्याकडे राहिली.

हे सगळं लिहिल्यावर तुमच्यापैकी काहींना मांगरात राहावंसं वाटेल, हे मला ठाऊक आहे. शहरातली माणसं अशीच असतात. काकीला मी तुमच्या वतीनं विचारून ठेवलंय. गणपती विसर्जन झाल्यापासून कापणीला हात लागेपर्यंत थोडे दिवस अर्धा मांगर मोकळा असतो, असं तिनं बऱ्याच घासाघिशीनंतर कबूल केलं. यंदा त्याच दिवसांत म्हैस व्यायची आहे. तेव्हा येण्याआधी फोन करा, आणि रात्री-अपरात्री उठून कंदील धरायची तयारी ठेवा.